स्वतःच्या पॅचवर न बसणारा पंक्चरवाला

एल आल्तो शहर संपतं आणि तितिकाका सरोवराकडे जाणारा रस्ता मोकळा सुटतो, तिथे डाव्या हाताला ट्रॅक्टरचा एक अवाढव्य टायर निम्मा जमिनीत पुरून उभा केलेला असे. त्यावर चुन्याने दोनच शब्द: ‘झेनोबिओ. पंक्चर.’ बाकी काही लिहायची गरजच नव्हती. ट्रकवाले, मिनीबसवाले, लामा बाजाराला नेणारे टेम्पोवाले, सगळ्यांना ठाऊक होतं की झेनोबिओ कायिसायाने लावलेला पॅच टायरपेक्षा जास्त जगतो. टायर झिजून गुळगुळीत होईल, कुणाच्या तरी अंगणात त्याचा झोपाळा होईल, पण पॅच जागचा हलणार नाही.

आणि हाच झेनोबिओ स्वतःचा पॅच असलेल्या गाडीत कधी बसत नसे.

चौतीस वर्षं. एकदाही नाही. गिऱ्हाईक म्हणायचं, “मायेस्त्रो, उस्ताद, चला, घरी सोडतो. चाक तर तुम्हीच आत्ता ठीक केलंत!” तेवढ्यात झेनोबिओला काहीतरी आठवायचं. कधी पाय मोकळे करायचे असायचे, कधी मावशीकडे जायचं असायचं. ही मावशी वारून वीस वर्षं झाली होती, पण ती अजूनही नेमकी उलट्या दिशेला राहायची. पुढे शहरावरून तारेवरच्या पाळण्यांची गाडी सुरू झाली तेव्हा झेनोबिओला कोण आनंद! पहिला महिनाभर तो कामाशिवायच त्या पाळण्यात बसून खालीवर करत होता. खाली ला पाझची घरं, समोर बर्फाचा डोंगर, आणि हा आपला लहान मुलासारखा खुदखुदतोय. शेजारच्या माणसाने विचारलं, “देखावा आवडला वाटतं?” तर म्हणाला, “देखावा राहू द्या हो. याला हवा भरावी लागत नाही!”

शेजारीच दोन्या बासिलियाची, म्हणजे बासिलियाबाईंची, टपरी होती. जांभळ्या मक्याचं गरम गरम आपी आणि तेलात टम्म फुगलेल्या पुऱ्या. बाई अंगाने जेवढी रुंद, तेवढाच तिचा आवाज. डोक्यावरची गोल हॅट वाऱ्यात कधी उडाली नाही, कारण वाऱ्याची हिंमत नव्हती. झेनोबिओच्या मुलीला, नीएवेसला, बाप्तिस्म्याच्या वेळी तिनेच हातांवर धरलं होतं. त्यामुळे ती मुलीची माद्रिना, म्हणजे धर्ममाता, झेनोबिओची कोमादरे आणि तो तिचा कोंपादरे. हे नातं रक्ताचं नसलं तरी फटकळ बोलायचा पूर्ण हक्क देतं.

“मी उकळलेलं आपी मी पिते,” ती चारचौघांत सुरू करायची. “पाववाला स्वतःचा पाव खातो. न्हावी दुसऱ्या न्हाव्याकडे का होईना, पण केस कापून घेतो. कोंपादरे, सगळ्या जगाला ज्यावर बसवता त्यावर बसायला तुमचीच तेवढी तंतरते!”

“माझं काम लावायचं आहे, बसायचं नाही,” झेनोबिओ म्हणायचा आणि हवेचा पाइप जोरात सोडायचा, म्हणजे पुढचं कुणाला ऐकू येऊ नये.

यामागे एक बँड होता.

झेनोबिओ एकोणीस वर्षांचा असताना कार्निव्हलच्या सकाळी एक ट्रक आला. वर बावीस वाजंत्री, अंगात चकचकीत निळे सूट. टायरच्या कुशीला, म्हणजे बाजूच्या पातळ भागाला, चीर गेलेली. “पोरा, लवकर कर, नाचणारे खोळंबलेत!” झेनोबिओने लवकर केलं. चाक खोललं नाही, आत डोकावलं नाही, बाहेरूनच चिकट रबराची दोरी टोच्याने चिरेत खुपसली, हवा भरली आणि ट्रकच्या मागे लटकून तोही फुकट कार्निव्हल बघायला निघाला. तिसऱ्या मैलावर ती कूस अशी फुटली की तोफ असती तर लाजली असती. ट्रक रस्ता सोडून बटाट्याच्या शेतात घुसला आणि बावीस वाजंत्री बावीस दिशांना बटाट्यांत पेरले गेले. कुणाला साधं खरचटलंही नाही, हे आश्चर्य. फक्त ट्यूबावाला, म्हणजे तो अवाढव्य पितळी भोंगा फुंकणारा, आपल्याच ट्यूबात कमरेपर्यंत अडकला. त्याला बाहेर काढायला चौघे ओढत होते, आणि दर ओढीला आतून एक भला मोठा सूर निघत होता. बाकीचे एकवीस जण शेतात लोळून लोळून हसले. झेनोबिओ मात्र हसला नाही. उताणा पडून तो आभाळाकडे बघत होता. आणखी दहा पावलांवर दरी होती, ती फक्त त्याने पाहिली होती.

तिथून माणूस बदलला. टायर रिमवरून उतरवल्याशिवाय पॅच नाही. कुशीला पॅच नाही, मग गिऱ्हाईक रडो की शिव्या देवो. भोक करंगळीहून मोठं असेल तर नाही. हवा गेल्यावरही कुणी चालवत आणला असेल तर आतून हात फिरवायचा. बोटांना काळी भुकटी लागली, म्हणजे टायर आतून दळला गेलाय. मग तो सरळ झोपाळ्याला! हे सगळे नियम त्याने स्वतःला घालून दिले आणि चौतीस वर्षं पाळले. त्याचे पॅच शहरभर फिरले. कोकराला घेऊन फिरले, नवऱ्यामुलीला घेऊन फिरले, एकदा तर बिशपला घेऊन फिरले. पण स्वतः बसायची वेळ आली की त्याच्या कानात तो ट्यूबा वाजायचा.

मग नीएवेसने गाडी घेतली.

सत्तावीस वर्षांची मुलगी, बापासारखी शांत आणि धर्ममातेसारखी हट्टी. सरोवराच्या रस्त्यावर भाड्याची टॅक्सी चालवायची, हे तिने ठरवूनच टाकलं होतं. गाडी जपानमधून जुनी होऊन आलेली, पांढरीशुभ्र. तिकडे चालवणारा उजव्या बाजूला बसतो, म्हणून इथल्या कारागिरांनी स्टिअरिंग उपटून डावीकडे लावलं. वेगाचा काटा मात्र उजवीकडेच राहिला. म्हणजे गाडी चालवणार नीएवेस आणि ती किती पळतेय हे कळणार शेजारी बसणाऱ्याला.

“अय्या, म्हणजे शेजारच्याने ओरडून सांगायचं?” दोन्या बासिलिया म्हणाली.

“सगळ्यांच्याच गाड्यांना असतं हो तसं, माद्रिना,” नीएवेस म्हणाली. “सवय होते.”

झेनोबिओ गाडीभोवती एक फेरी मारून पुढच्या उजव्या चाकापाशी थांबला. टायरच्या बरोबर मध्ये, जमिनीला टेकणाऱ्या जाड भागात, एक खिळा चमकत होता. त्याने लगेच जॅक लावला.

तो टायर त्याने जसा दुरुस्त केला, तसा दुसरा कुठला केला नसेल. रिमवरून उतरवला, आत दिवा धरला, बोट फिरवलं. स्वच्छ, भुकटीचा कण नाही. खिळा काढून भोक मापलं, कडा साफ केल्या. आतली बाजू हळू हळू घासली, भाकरीचं पीठ मळावं तशी. मग सोल्यूशन लावून ते बोटाला चिकटेनासं होईपर्यंत थांबला. छत्रीसारखा पॅच घेऊन त्याची दांडी आतून बाहेर ओढली, म्हणजे भोकही बुजलं आणि छत्री आतून घट्ट बसली. त्यावर रूळ फिरवला. शंभरदा फिरवला. दांडीचं टोक छाटलं, हवा भरली, चाक तोलून पाहिलं.

“चांगलं झालं ना, पपा?”

“उत्तम.”

“मग पुढे लावू?”

“डिकीत ठेव.”

“का?”

“स्टेपनी म्हणून...” झेनोबिओ हात पुसत म्हणाला, “फार शोभेल.”

नीएवेसने बापाकडे एक क्षण पाहिलं. जुनी स्टेपनी चांगली होती, ती चाकाच्या जागी चढली आणि पॅचवाली डिकीत गेली. पण तिने ते पाहिलं, हे झेनोबिओनेही पाहिलं.

गाडी घेतली म्हणजे तिला कोपाकाबानाला नेऊन मेरीमातेच्या दारात आशीर्वाद घ्यायचा. त्याशिवाय या भागात कुणी पहिलं भाडं घेत नाही. गाडीला माद्रिना लागते, ती अर्थातच दोन्या बासिलिया. रविवारी सकाळी ती टपरीवर अवतरली ती नाटकातल्या राणीसारखी. जांभळा घेरदार पोयेरा घागरा, खांद्यावर झालरीची शाल, मागे दोन हमाल. एकाकडे बिअरच्या बाटल्यांची पेटी, दुसऱ्याकडे ग्लॅडिओलसची फुलं, रंगीत कागदांच्या माळा, फटाके आणि लाल रिबीन बांधलेली सफरचंदाच्या दारूची बाटली.

“कोंपादरे, तुम्ही येणार की नेहमीप्रमाणे मावशीकडे जाणार?”

“येणार,” झेनोबिओ म्हणाला. चारही चाकं बिनपॅचची होती. त्याने ती पहाटेच दोनदा तपासली होती. तो शेजारच्या सीटवर ऐटीत बसला आणि काट्याकडे पाहून वेग सांगू लागला, अगदी रेडिओवरच्या निवेदकासारखा. “साठ. सत्तर. सत्तरच ठेव, छान वाटतंय.” तिकिनाच्या चिंचोळ्या पाण्यापाशी सगळे उतरले. गाडी लाकडी तराफ्यावर आणि माणसं होडीतून, असं नेहमीप्रमाणे पलीकडे जाऊन दहाच्या ठोक्याला सगळे कोपाकाबानात हजर.

चर्चसमोरच्या चौकात गाड्यांची रांग. ट्रक, बस, टॅक्सी, सगळ्या नवऱ्यामुलींसारख्या सजलेल्या. पाद्री हातात बादली घेऊन फिरत होते आणि फुलांच्या जुडीने पवित्र पाणी शिंपडत होते. इंजिनावर, सीटवर, चाकांवर, आणि दोन्या बासिलिया मध्ये मध्ये येत असल्यामुळे तिच्या हॅटवरही. ते पुढे गेले आणि माद्रिनाची पाळी आली. धरणीमातेचा वाटा तिला द्यायलाच हवा, म्हणून बाईने प्रत्येक चाकावर बिअर ओतली. ओतताना दर बाटलीतला एक घोट स्वतःला. धरणीमातेने काही तक्रार केली नाही. मग फुलांच्या पाकळ्या, मग फटाके, आणि मग ती रिबीनवाली बाटली, जी पुढच्या उजव्या चाकाच्या रिमला टांगून हातोडीने फोडायची.

पहिला घाव हवेत गेला. दुसरा नंबर प्लेटवर बसला. “जरा सरका हो सगळे, मला अंदाज येत नाहीये!” असं म्हणून तिसरा घाव तिने डोळे मिटून घातला, आणि बाटलीचे शंभर तुकडे झाले. टाळ्या, फटाके, शेजारच्या ट्रकवाल्याचा बँड, सगळं एकदम!

तेवढ्यात मागच्या बसने हॉर्न मारला. नीएवेसने जागा करून द्यायला गाडी दोन हात पुढे घेतली. चाक फुटपाथच्या दगडाला घासलं आणि तिथेच अडकलेली काच टायर नि दगडाच्या मध्ये चिरडली गेली. त्या गदारोळात कुणाच्याच ते लक्षात आलं नाही.

पाकळ्या गोळा करायला वाकलेल्या झेनोबिओला मात्र फेस दिसला. तीन चाकांवरचा बिअरचा फेस बसला होता, पण चौथ्यावरचा बसेना. टायरच्या कुशीवर एका जागी बारीक बारीक बुडबुडे येतच होते. फुगत, फुटत, पुन्हा फुगत. झेनोबिओ गुडघे टेकून चाकाजवळ कान नेऊन ऐकू लागला. आजूबाजूच्यांना वाटलं, माणूस प्रार्थनेत हरवलाय. पुरुषांनी टोप्या काढल्या. एका म्हातारीने क्रुसाची खूण केली.

“बघा, बघा!” दोन्या बासिलिया गहिवरली. “तीस वर्षांत पहिल्यांदा माझे कोंपादरे गुडघ्यांवर आले!”

“कोमादरे,” झेनोबिओ खालूनच म्हणाला, “तुमच्या बाटलीने टायर कापलाय.”

“इश्श! आशीर्वादाच्या बाटलीने?”

“त्याच बाटलीने. कुशीत चीर आहे. हवा चाललीय.”

बातमी चौकभर पसरली आणि गर्दीतून वाट काढत एक पंक्चरवाला आला, गुमेर्सिंदो नावाचा. पोट पुढे, हातात टोच्या, गळ्यात रबरी दोऱ्या माळेसारख्या. “पाच मिनिटं, मायेस्त्रो! चाकसुद्धा खोलायचं नाही. दोरी खुपसली की झालं!”

“कुशीत नको,” झेनोबिओ म्हणाला.

“अहो, रोज करतो मी!”

“रोज करता, पण ते लोक पुढे जाऊन काय करतात, ते बघायला जाता का?”

गुमेर्सिंदो गडबडला, पण गर्दी त्याच्याच बाजूची होती. या टायरला पाद्रींनी पवित्र पाणी लावलंय, माद्रिनाने बिअर पाजलीय, तो कसा टाकायचा? डिकीतल्या स्टेपनीला तर कुणी थेंबभर पाणीही शिंपडलेलं नाही! नीएवेसही घुटमळली. धंद्याचा पहिला दिवस, आणि आशीर्वाद मिळालेलं चाक उतरवून ठेवायचं?

झेनोबिओ तिच्याजवळ गेला. एरवी चार शब्दांत उरकणारा हा माणूस आज बोलू लागला. “हे बघ. टायरचा जो भाग जमिनीला टेकतो तो जाड असतो, आतून तारांचा असतो. तिथे खिळ्याचं भोक असेल आणि आतून नीट बुजवलं असेल, तर टायर आपलं आयुष्य पुरं करतो. पण कूस पातळ असते. चाकाच्या दर फेरीला ती वाकते आणि सरळ होते, वाकते आणि सरळ होते, आपल्या गुडघ्यासारखी. गुडघ्यावरचं ठिगळ टिकतं का कधी? उभं असताना छान दिसतं. बसलीस की उसवलं. त्यात ही दोरी घाटात बाहेर आली, तर मेरीमाता तरी एकटी कुठे कुठे हात लावेल?”

“मग स्टेपनी लावायची?”

“स्टेपनी लाव.”

“तीत तुमचा पॅच आहे.”

“उत्तम पॅच आहे.”

“मग तुम्ही गाडीत बसाल?”

शेजारचा बँड नेमका तेव्हाच श्वास घ्यायला थांबला. झेनोबिओने हात पुसले. स्वच्छ होते, तरी पुसले. “मी काय म्हणतो, तुम्ही दोघी पुढे व्हा. मी मागून बसने...”

“बसच्या चाकांनाही तुमचेच पॅच आहेत, पपा. या रस्त्यावर तुमचा पॅच नसलेलं वाहन म्हणजे फक्त होडी.”

गर्दीत हशा पिकला. नीएवेस हसली नाही. आवाज खाली आणून, फक्त त्याला ऐकू जाईल असं बोलली. “उद्यापासून मी रोज या रस्त्यावर असणार. खिळे लागणारच. दर खिळ्याला नवा टायर कुणी घेतं का? मी तुमच्याच पॅचवर फिरणार, माझ्यामागे चार माणसं बसवून. ते सुरक्षित आहे की नाही, एवढंच मला सांगा. तोंडाने नका सांगू. ते तुम्ही सगळ्यांना सांगता. बसून सांगा. नाही बसलात, तर मी गुमेर्सिंदोची दोरी घेते. तो निदान ‘मी येतो बरोबर’ म्हणतोय.”

गुमेर्सिंदोने छाती पुढे काढली. तो खरंच तसं म्हणाला होता. त्याला एल आल्तोला जायचंच होतं.

झेनोबिओला वाटलं, आपण पुन्हा बटाट्यांत उताणे पडलोय. पण या वेळी वर आभाळाऐवजी मुलीचा चेहरा होता. तो वळला, डिकी उघडली, स्टेपनी काढली आणि जॅक लावला.

“थांबा!” दोन्या बासिलिया ओरडली. “तिला आशीर्वाद नाही अजून! पाद्री कुठे गेले?”

“जेवायला,” कुणीतरी म्हणालं.

“मग मी आहे ना!” बाईने पेटीच्या तळाची शेवटची बाटली काढली, डोक्यावरची हॅट, जी वाऱ्यालाही कधी काढता आली नव्हती, ती स्वतःच्या हाताने काढून बगलेत धरली आणि स्टेपनीवर सगळी बिअर ओतली. या वेळी स्वतः एक घोटही घेतला नाही. चौक माना उंचावून बघू लागला. झेनोबिओ ओणवा होऊन पॅचच्या जागेवरचा फेस न्याहाळू लागला. फेस पसरला, पातळ झाला, विझला. एकही बुडबुडा उठला नाही.

“मेली आहे की जिवंत, ही स्टेपनी?” बाईने कुजबुजत विचारलं.

“भोक बंद आहे,” झेनोबिओ म्हणाला. “पक्कं बंद.”

चाक चढलं. नट त्याने समोरासमोरचे एकाआड एक आवळले. फाटलेला टायर डिकीत गेला, आशीर्वादासकट. मग झेनोबिओने पुढचं दार उघडलं. त्याची सीट नेमकी त्याच चाकाच्या अंगाला होती. तो बसला, पण असा, की निम्मा माणूस अजून बाहेरच आहे असं वाटावं.

“दार लावा, पपा.”

“लावतो की.”

“आज लावा.”

दार लागलं. गाडी हलली. चौकाने टाळ्या वाजवल्या, आणि गुमेर्सिंदोनेही वाजवल्या, कारण मनाने माणूस वाईट नव्हता.

“वीस!” झेनोबिओ किंचाळला. “तीस! पस्तीस! पुरे!”

“पपा, आपल्याला त्या गाढवाने मागे टाकलं.”

“गाढवाला टायर नसतात, त्याचं काय जातं!”

दोन किलोमीटरवर त्याने गाडी थांबवायला लावली, उतरला, टायरवर तळहात ठेवला. मग डावीकडच्या टायरवर ठेवला. दोन्ही सारखेच कोमट. बसला. आणखी पाच किलोमीटरवर पुन्हा तेच. हवाही मापली, अर्धा पौंडसुद्धा उतरली नव्हती. चौथ्या वेळी थांबले तेव्हा दोन्या बासिलियाचा धीर सुटला.

“कोंपादरे, या चालीने आपण पुढच्या वर्षीच्या कार्निव्हलला पोचू! अहो, लहान बाळाचं कपाळसुद्धा कुणी इतक्यांदा चाचपत नाही!”

“ताप आहे का बघतोय.”

“ताप तुम्हाला आलाय!”

घाटात प्रत्येक वळणावर त्याचा उजवा पाय आपसूक वर उचलला जायचा, म्हणजे चाकावरचं ओझं तेवढंच कमी. एकदा खड्डा लागला, तेव्हा त्याने डोळे गच्च मिटून वेगाचा आकडा अंदाजानेच सांगितला. नीएवेस गालात हसली, पण रस्त्यावरची नजर तिने हलवली नाही.

तिकिनाला पुन्हा उतरणं आलं. गाडी एकटी तराफ्यावर चढली, आणि हे तिघे होडीत बसून मागून निघाले. वारा सुटला होता, तराफा पाण्यावर हलके हलके डुलत होता. झेनोबिओ होडीच्या काठाला धरून गाडीकडे बघत राहिला. चारही चाकं पाकळ्यांनी आणि रंगीत कागदांनी माखलेली. तराफा वळला, पुन्हा वळला, गाडीचं तोंड इकडचं तिकडे झालं. आणि चारांतलं आपलं कुठलं, हे त्याला ओळखता येईना. तो डोळे बारीक करून पाहू लागला. ते? की ते? आयुष्यात त्याने हजारो चाकं गाड्यांना लावून रवाना केली होती आणि प्रत्येक वेळी पाठ फिरवली होती. लांबून आपलं काम कसं दिसतं, हे त्याने कधी पाहिलंच नव्हतं. ते इतर चाकांसारखंच दिसत होतं. गोल, भरलेलं, गाडी तोलून धरणारं.

“काय शोधताय?” दोन्या बासिलियाने विचारलं.

“काही नाही,” झेनोबिओ म्हणाला. आणि थोड्या वेळाने, “सापडत नाहीये.”

पलीकडे पोचल्यावर तो गाडीत बसला तो टायरला हात न लावता. नीएवेस मुद्दाम थांबली. तो म्हणाला, “चल की!”

चढ संपला आणि पठार लागलं. दोन्ही बाजूंना पिवळं गवत, पुढे सरळ पट्टीने आखल्यासारखा रस्ता, आणि अंगावर धावून यावेत तसे बर्फाचे डोंगर. “पन्नास,” झेनोबिओ म्हणाला. “साठ.” मग काट्याऐवजी तो डोंगरच बघत राहिला.

“किती झालेत, पपा? मला दिसत नाही.”

“सत्तर. इथे ऐंशीची परवानगी आहे.”

“मग?”

“मग घे ना ऐंशी!”

गाडी पळू लागली. खिडकीतून वारा आला, पाकळ्या उडाल्या, माळा फडफडल्या. झेनोबिओने खिडकी पूर्ण खाली केली आणि हात बाहेर काढून तळव्यावर वारा झेलला. आधी तो खुदकन हसला, मग मोठ्याने हसला, मग त्याला हसू आवरेचना. ट्यूबात अडकलेला तो माणूस त्याला चौतीस वर्षांनी डोळ्यांसमोर दिसला. दर ओढीला निघणारा तो सूर ऐकू आला, आणि तेव्हा शेतात हसायचं राहून गेलेलं सगळं हसू आता एकदम आलं. डोळ्यांतून पाणी आलं, पोट दुखायला लागलं.

“बाई गं, माणूस गेला!” दोन्या बासिलियाने हॅट दोन्ही हातांनी धरली. “नीएवेस, हळू घे! माझं काळीज उडतंय!”

“ऐंशी!” झेनोबिओ आनंदाने ओरडला. “बरोब्बर ऐंशी! काटा हलत नाही, कोमादरे, कसा थाटात उभा आहे बघा!”

“मला नाही बघायचा तुमचा काटा! त्या स्टेपनीला आशीर्वाद दिला ती मीच वेडी!”

एल आल्तोची पहिली घरं दिसू लागली तसा नीएवेसने वेग कमी केला. दुकानासमोर एक मिनीबसवाला बसलेल्या टायरवर हात ठेवून वाट बघत उभा होता. त्याने फुलांनी माखलेली गाडी पाहिली, आत मायेस्त्रोला पाहिलं, आणि त्याचं तोंड उघडंच राहिलं. त्याला माहीत होतं, हा माणूस असा कधी बसत नाही.

नीएवेसने ब्रेकवर पाय ठेवला.

“थांबू नकोस,” झेनोबिओ म्हणाला.

“पपा, गिऱ्हाईक आहे.”

“पाच मिनिटं थांबेल तो. पाळण्याच्या स्टेशनपर्यंत एक चक्कर मारू.”

“अहो, मला तरी उतरवा!” मागून दोन्या बासिलिया ओरडली.

गाडी दुकानावरून पुढे गेली. झेनोबिओने खिडकीतून अर्ध्याहून जास्त बाहेर येऊन मिनीबसवाल्याला हात केला आणि सगळा रस्ता ऐकेल अशा आवाजात ओरडला, “टायर उतरवून ठेव! आलोच! माझ्याच पॅचवर फिरतोय!”